वाचून, समजून, राजीखुशीने

(मंडळाच्या सभासदांच्या सभेत, वडोदरा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दस्तऐवजांच्या विषयावर बोलायला वकील सोडून बँकेतल्या कारकुनाला उभे केले, याचे काहींना नवल वाटले असेल. आम्हालाही वाटले. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. कायद्याशी संबंध परीक्षेपुरता आणि नंतर नोकरीपुरता. पण कार्यकारिणीचे म्हणणे असे पडले की, वकिलाकडे माणूस भांडण झाल्यावर जातो; बँकेच्या खिडकीशी मात्र घरातले कोणी गेले की महिन्या-दोन महिन्यांत येतोच, आणि येताना कागदांची पिशवी घेऊन येतो. त्या पिशवीत काय असते हे आम्ही रोज पाहतो. तेवढ्याच अधिकारात आज बोलणार आहोत.

गेल्या दोन-तीन वर्षांत या पिशवीतल्या कागदांचे रूप पालटले आहे. पूर्वीचा अर्ज खाडाखोडीचा असे, प्रतिज्ञापत्रात वडिलांचे नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेने असे. आता येतो तो कागद देखणा. कलमांना ओळीने आकडे, ठळक मथळे, 'यापुढे ज्यांचा उल्लेख लिहून देणार असा केला आहे' अशी भारदस्त वाक्ये. विचारावे, कोणी लिहिले? उत्तर ठरलेले : "मोबाईलवर काढले." म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला सांगितले आणि त्याने लिहून दिले. मृत्युपत्र, बक्षीसपत्र, मुखत्यारपत्र, भाडेकरार, हक्क कमी करण्याचा दस्त, वकिली नोटिशीचे उत्तर, सगळे दहा मिनिटांत आणि फुकट.

आम्ही या यंत्राच्या विरुद्ध बोलायला आलेलो नाही. आम्हीही ते वापरतो. पण एक प्रसंग सांगतो, मग त्यातून काय निघते ते पाहू.

आपल्याच समाजातले एक कुटुंब. रावपुऱ्याकडे जुना वाडा, साताऱ्याकडे गावी थोडी शेती. दोन भाऊ आणि एक बहीण. बहिणीचे वय सत्तरीच्या पुढे, सासर इंदूरचे, यजमान वारलेले. वाडा मोडकळीला आला, भावांनी तो विकायचे ठरवले. बहिणीने आपण होऊन सांगितले की, "वाड्यातला माझा हिस्सा तुम्हीच घ्या, मला नको." आईच्या नावाची एक मुदत ठेव आमच्या शाखेत होती. तिच्या दाव्यासाठी तिघे मिळून आले. पुढे वकिलांकडे जायचे म्हणून हक्क कमीचा मसुदाही बरोबर होता, तिच्या पुतण्याने यंत्राकडून गुजरातीत लिहून घेतलेला. दाव्याच्या अर्जावर सह्या चालल्या होत्या, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अरे, मला गुजराती बोललेले कळते, पण अक्षर लागत नाही. एवढे जरा वाचून दाखव ना."

आम्ही मराठीत अर्थ सांगत वाचू लागलो. वाड्याचा सिटी सर्वे नंबर, चतुःसीमा, सगळे ठीक. मग एक ओळ आली : सदर मिळकत, तसेच कुटुंबाच्या इतर सर्व वडिलोपार्जित व वारसाने मिळणाऱ्या स्थावर-जंगम मिळकतींवरील आपला हक्क, हिस्सा व हितसंबंध लिहून देणार कायमचा सोडत आहे.

काकूंनी शांतपणे विचारले, "म्हणजे गावची शेतीसुद्धा?" आम्ही म्हणालो, "हो, काकू, शेतीसुद्धा. आणि जंगम म्हणजे आज ज्या ठेवीसाठी तुम्ही सही करता आहात, तीसुद्धा." त्या म्हणाल्या, "शेतीतला वाटा तर मी मुलीसाठी ठेवला आहे."

पुतण्याचा चेहरा उतरला. त्याने लगेच मोबाईल काढून दाखवला. त्याने यंत्राला फक्त वाड्याबद्दलच सांगितले होते. मुलगा प्रामाणिक होता, भाऊ प्रामाणिक होते, कोणाच्या मनात काळेबेरे नव्हते. ती ओळ कोणी मागितली नव्हती आणि कोणी वाचलीही नव्हती. आठवड्याने ती नोंदणी कार्यालयात गेली असती, काकूंचा अंगठा यंत्रावर उमटला असता, आणि मग ती ओळ खोडायला दिवाणी न्यायालयात किती वर्षे लागली असती, ते तुम्ही-आम्ही जाणतोच.

ही ओळ आली कुठून? हे यंत्र आपल्यासमोर बसून आपल्या घराचा विचार करत नाही. अफाट मजकूर वाचून, कोणत्या शब्दांमागून कोणते शब्द येतात याचा अंदाज ते शिकलेले असते. हक्क सोडण्याच्या दस्तांत 'तसेच इतर सर्व' ही शब्दावली पुष्कळदा येते, म्हणून इथेही आली. दस्त जितका नेहमीच्या वळणाचा, तितकी अशी ओळ घुसण्याची भीती जास्त. आणि तो इतका सफाईदार असतो की, चूक असेल अशी शंकाच येत नाही. खाडाखोडीचा कागद आपण दोनदा वाचत होतो. देखणा कागद आपण वाचतच नाही, सही करतो.

कोणी म्हणेल, जुने दस्तावेज लिहिणारेही मागचा मसुदा पुढे ओढून लिहीत. खरे आहे. त्यांच्याही चुका होत, आणि त्या चुकांवर पिढ्यान्‌पिढ्या खटले चालले आहेत. पण तो माणूस समोर बसलेला असे. "बहिणी किती? त्यांच्या सह्या येणार का? कर्ज आहे का?" असे खोदून विचारी. यंत्रालाही, मला आधी प्रश्न विचार असे सांगितले तर ते विचारते, आणि बरे प्रश्न विचारते. पण आपण तसे सांगत नाही. आपण म्हणतो, हक्क कमीचा दस्त लिहून दे. ते लिहून देते.

चूक फक्त साध्या माणसांची होते असेही नाही. २०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीच्या मदतीने युक्तिवाद दाखल केला. त्यात दाखला म्हणून दिलेले अनेक निवाडे कधी झालेलेच नव्हते. नावे, आकडे, न्यायमूर्तींची मते, सगळे यंत्राने रचलेले. न्यायालयाने पाच हजार डॉलर दंड केला. आपल्याकडे डिसेंबर २०२४ मध्ये आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या बंगळूर खंडपीठाच्या एका आदेशात अस्तित्वात नसलेले निवाडे आढळले आणि तो आदेश काही दिवसांतच मागे घ्यावा लागला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकराचा एक आकारणी आदेश रद्द केला. त्यातही नसलेल्या निवाड्यांचा आधार होता, आणि यंत्राने दिलेले दाखले पडताळल्याशिवाय वापरू नका, असे न्यायालयाने बजावले. जुलै २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने जिल्हा न्यायालयांसाठी धोरणच जाहीर केले की, निर्णय देण्याच्या कामी हे यंत्र वापरायचे नाही. वकील आणि अधिकारी फसतात, तिथे आपण कोण?

परंतु या बातम्या सगळ्या वर्तमानपत्रांत येतात. मंडळाच्या सभेत त्या सांगण्याचे कारण वेगळे आहे. आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसांपुढे एक जादा खड्डा आहे, आणि तो वर्तमानपत्रांत येत नाही.

आपण यंत्राला मराठीत विचारतो. स्वाभाविक आहे, घरात आपण मराठीच बोलतो. पण मराठीत विचारले की ते पुष्कळदा असे धरून चालते की, माणूस महाराष्ट्रातला आहे. मराठीत लिहिलेला कायद्याचा मजकूर बहुतेक महाराष्ट्राचाच, तेव्हा उत्तरही तिकडचेच येते. आम्ही मुद्दाम चार-पाच प्रश्न विचारून पाहिले. राज्य सांगितले नाही, तर प्रत्येक वेळी उत्तर मुंबई-पुण्याचे. भाषा महाराष्ट्राची, घर गुजरातचे, आणि दस्त भलत्याच राज्याचा.

याची किंमत किती, ती कारकुनाच्या पद्धतीने मांडतो. महाराष्ट्राने २०१५ साली पती-पत्नी, मुले, नातवंडे अशा जवळच्या नात्यात राहते घर किंवा शेतजमीन बक्षीस देताना मुद्रांक शुल्क दोनशे रुपयांवर आणले, स्थानिक अधिभार वेगळा. गुजरातेत बक्षीसपत्राला खरेदीखताप्रमाणेच ४.९ टक्के मुद्रांक लागतो. तीस लाखांच्या घरावर तो होतो एक लाख सत्तेचाळीस हजार. यंत्राने सांगितले दोनशे. या आकड्यावर विसंबून म्हाताऱ्या आई-वडिलांनी मुलाला शब्द दिला, तर पुढे घरात काय होते ते सांगायला नको. आणि मुद्रांक कमी भरलेला कागद न्यायालयात पुराव्याला धरला जात नाही, वर दंड पडतो तो निराळाच.

दुसरे उदाहरण अशांत धाऱ्याचे. १९९१ चा हा कायदा गुजरातचा, आणि आपल्या वडोदऱ्याच्या जुन्या शहरातील बरेच भाग त्याखाली येतात. तिथली स्थावर मिळकत विकण्याआधी कलेक्टरची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. ती नसेल तर व्यवहारच रद्दबातल. वाडी, मांडवी, रावपुरा या बाजूंना ज्यांचे वडिलार्जित वाडे आहेत, त्यांनी विकण्याआधी आपला भाग अधिसूचनेत आहे का, हे पहिल्यांदा पाहावे. महाराष्ट्रात असा कायदा नाही, म्हणून मराठीत मागितलेल्या खरेदीखताच्या मसुद्यात त्याचे नावही येत नाही.

तिसरे, शेतजमीन. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये गुजरातच्याच एका प्रकरणात स्पष्ट केले की, इथल्या कुळकायद्याखालील शेतजमीन मृत्युपत्रानेसुद्धा बिगरशेतकऱ्याला देता येत नाही. 'माझी अमुक गावची जमीन माझ्या भाच्याला द्यावी' एवढे सोपे वाक्य यंत्र लगेच लिहून देईल. भाचा खातेदार शेतकरी आहे का, हे कोण विचारणार?

चौथे, भाडेकरार. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा 'लीव्ह अँड लायसन्स' करारसुद्धा नोंदवावाच लागतो, कारण तिथला १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा तसे सांगतो. तो कायदा इथे लागू नाही. तरी आमच्याकडे आलेल्या एका भाडेकरारात त्याच कायद्याचे कलम देखण्या अक्षरांत छापलेले होते. इथल्या भाडेकरूला आणि घरमालकाला त्याचा उपयोग शून्य.

आणि हे फक्त वडोदऱ्याचे नाही. आपल्या कितीतरी घरांच्या सोयरिकी बेळगाव, ग्वाल्हेर, हैदराबाद, गोवा अशा पसरलेल्या. मुद्रांकाचे दर प्रत्येक राज्याचे निराळे. गोव्यात तर वारशाचाच कायदा निराळा. तिथे पोर्तुगीज अमदानीपासून चालत आलेल्या व्यवस्थेप्रमाणे मुले वगैरे हक्काचे वारस असतील, तर मृत्युपत्राने साधारणपणे निम्म्याच मिळकतीची विल्हेवाट लावता येते. उरलेला निम्मा हिस्सा त्या वारसांचा. लग्नानंतर पती-पत्नीची मिळकत बहुधा सामाईक धरली जाते. पणजी-मडगावच्या आपल्या नातलगाने मराठीत मृत्युपत्र मागितले आणि यंत्राने 'माझी संपूर्ण मिळकत धाकट्या मुलास' असे लिहून दिले, तर ते कागदावर छान दिसेल, पण तसे टिकणार नाही.

घोटाळा वाढवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे शब्द. मुंबई इलाख्याचा वारसा दोन्ही राज्यांना मिळालेला असल्यामुळे सातबारा, फेरफार, तलाटी, मामलतदार हे शब्द इकडेही तेच, तिकडेही तेच. म्हणून वाटते की कायदाही तोच असेल. उलट काही कागद सारखे, पण नावे निराळी. महाराष्ट्रात साठेखत, इथे बानाखत. तिकडे हक्कसोडपत्र, इथे हक्क कमी. तिकडे वंशावळ, इथे पेढीनामा. तिकडे खरेदीखत, इथे वेचाण दस्तावेज. यंत्राकडून मराठी मसुदा घेऊन त्याचेच गुजराती करून मागितले की या नावांची खिचडी होते. नोंदणी कार्यालयातला कारकून ती परत करतो, आणि आपण म्हणतो, मुद्दाम अडवतात.

जाता जाता आमच्या खात्याचेही दोन शब्द. बँकेत नामनिर्देशन केले म्हणजे तो माणूस मालक झाला, असे यंत्राने लिहून दिलेले अर्ज आम्ही पाहिले आहेत. तसे नाही. ज्याचे नाव लावले तो बँकेकडून पैसे स्वीकारतो, पण ते वारसांसाठी. तसेच १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला चार जणांपर्यंत नावे लावता येतात. ज्या यंत्राचे शिक्षण त्याआधीचे, ते अजून एकाचेच नाव सांगते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली, फसवणुकीचे ४२० कलम ३१८ झाले. तरी नोटिशींच्या मसुद्यांत ४२० अजून डोकावतेच.

बंधू-भगिनींनो, आपण ज्या शहरात बसलो आहोत त्याला या विषयाचा एक जुना वारसा आहे. महाराजा सयाजीराव मराठी. पण रयतेची भाषा गुजराती म्हणून त्यांनी राज्याचा कारभार गुजरातीत चालवला. आणि कायद्याचा, कारभाराचा शब्द लोकांना कळला पाहिजे म्हणून १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' हा आठ भाषांचा कोश काढवला. इंग्रजी शब्दापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी, बंगाली शब्द. एवढा खटाटोप कशासाठी? ज्याच्यावर कायदा चालवायचा, त्याला तो समजला पाहिजे, एवढ्याच साठी. त्या वेळी कोश होता आणि वाचणारे थोडे. आज वाचता सगळ्यांना येते, आणि वाचायचे आपण सोडून दिले आहे.

मग यंत्र वापरायचे नाही का? जरूर वापरायचे, पण योग्य कामाला. गुजराती नोटीस आली, तिचा मराठी अर्थ समजून घ्यायला ते उत्तम आहे. मात्र अर्थ समजून घेणे निराळे आणि त्यावर सही करणे निराळे. वकिलांकडे जाण्याआधी कोणते कागद लागतील, कोणते प्रश्न विचारावे, याची यादी करायला ते चांगले. घराण्याच्या मिळकतींचा कालक्रम मांडायला, बँकेला किंवा महापालिकेला साधा अर्ज लिहायला, माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायला चांगले. सर्वोच्च न्यायालयसुद्धा २०१९ पासून 'सुवास' नावाच्या प्रणालीने निवाड्यांची भाषांतरे करते, ती मराठीतही होतात. पण ती तपासायला माणसे असतात. आपणही तेच करावे. यंत्राने लिहावे, माणसाने तपासावे, आणि ज्याची सही त्याला ते मोठ्याने वाचून दाखवावे.

आणि एक सावधगिरी. मसुदा लिहून घेताना आधार क्रमांक, पॅन, खाते क्रमांक, मिळकतीचे कागद यंत्राला देऊ नका. नावाच्या जागी 'अ', 'ब' लिहा. आमच्या खिडकीशी तुम्ही जो आकडा हळू आवाजात सांगता, तोच मोबाईलवर परक्या कंपनीला देऊन टाकता, हे बरे नाही. शिवाय दस्त चुकला तर धरायचे कोणाला? वकिलाकडे सनद असते, त्याची तक्रार बार कौन्सिलकडे करता येते. यंत्राकडे सनद नाही. त्याच्या उत्तराखाली बारीक अक्षरांत लिहिलेलेच असते की, चुका होऊ शकतात, तपासून घ्या. म्हणजे चूक त्याची, भोग आपले.

आता मंडळाने काय करावे, याविषयी आमच्या चार सूचना आहेत. कार्यकारिणीने त्यांचा विचार करावा.

पहिली : महिन्यातून एक संध्याकाळ कागद वाचण्याची बैठक. कोणाचाही मसुदा असो, यंत्राने लिहिलेला असो की वकिलाने, सही होण्याआधी तो मराठीत अर्थ सांगत मोठ्याने वाचून दाखवायचा. आपल्यात निवृत्त मामलतदार कचेरीतले, बँकेतले, शिक्षक, वकील अशी जाणती मंडळी आहेत. सल्ला देणे वकिलाचे काम, वाचून दाखवणे आपण कोणीही करू शकतो. आम्ही स्वतः नाव देतो.

दुसरी : दस्तऐवजांतल्या दोनशे-अडीचशे शब्दांची मराठी-गुजराती पुस्तिका. साठेखत म्हणजे बानाखत, एवढे जरी हाताशी असले तरी निम्मी फसगत टळेल. सयाजीरावांच्या शहरातल्या मंडळाला एवढे जड नाही.

तिसरी : ज्यांना वकिलाचा खर्च झेपत नाही, त्यांना मोफत विधी सेवेची वाट दाखवावी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता ही सेवा मिळते. आपल्या कितीतरी काकू-आत्या-मावशांना हे ठाऊकच नाही, त्यांना वाटते ती गरिबांपुरती आहे. जिल्हा न्यायालयात तिचे कार्यालय असते, आणि १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे.

चौथी सूचना राजकीय आहे, आणि ती आम्ही जाणून करतो. आपण गुजरातचे आहोत, गुजरातीचा आदर करतो, दस्त गुजरातीत असावा याला आपली हरकत नाही. पण ज्या वृद्धांना ती लिपी वाचता येत नाही, त्यांना सहीपूर्वी मजकूर त्यांच्या भाषेत समजावून सांगितला जावा, अशी सोय नोंदणी कार्यालयात व्हायला हवी. घटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येकाला केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला आहे. भाषिक अल्पसंख्यांसाठी ३५०-ब कलमाखाली विशेष अधिकारी आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या १९ व्या कलमात तर असेही आहे की, जिल्ह्यात सामान्यतः न वापरल्या जाणाऱ्या भाषेतला, अधिकाऱ्याला न समजणारा दस्त खरे भाषांतर आणि खरी नक्कल जोडली की नोंदवता येतो. म्हणजे ज्यांना मृत्युपत्र मराठीतच लिहायचे आहे त्यांनी खुशाल लिहावे, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, नोंदवायचेच असेल तर भाषांतर जोडावे. हे हक्क कागदावर आहेत. ते खिडकीपर्यंत आणण्यासाठी मंडळाने निवेदन द्यावे, आणि निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, हा प्रश्न विचारावा. आपल्या मतांची आठवण त्यांना पाच वर्षांनी येते, आपल्या कागदांची आठवण आपण त्यांना तेव्हाच करून द्यावी.

शेवटी पुन्हा त्या मसुद्याकडे येतो. त्याच्या तळाशी आपल्या सगळ्या जुन्या दस्तांत असते तेच वाक्य होते : हा लेख आम्ही वाचून, समजून, अक्कलहुशारीने व राजीखुशीने लिहून दिला आहे. यंत्र हेही वाक्य बिनचूक लिहिते. पण ते खरे करणे त्याच्या हातात नाही. काकूंनी "वाचून दाखव" म्हटले नसते, तर त्यांच्या सहीने ते वाक्य खोटे ठरले असते, आणि कायद्याने मात्र खरे धरले असते.

काकूंनी पुढे वकिलांकडून फक्त वाड्यापुरता दस्त करून घेतला. भावांनी तो आधी त्यांना मराठीत वाचून दाखवला. मग त्यांनी राजीखुशीने सही केली. ठेवीचे पैसे तिघांना सारखे मिळाले, त्या व्हाउचरवर आमचीच सही आहे.

तेव्हा आजपासून एवढा एकच नियम घरी पाळा. कागद कोणीही लिहो, आजच्या कागदावर आज सही नाही. तो रात्री घरी आणायचा, घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसासमोर मोठ्याने वाचायचा, आणि जे कळले नाही त्यावर खूण करायची. खुणा पुसल्या गेल्यावरच सही.